लोण्याची निवड : वेष्टनावरील शब्द आणि पदार्थाचा स्वाद

पुण्या-मुंबईतील एखाद्या मोठ्या सुपरमार्केटच्या शीतकपाटापुढे ग्राहक लोणी घेण्यासाठी उभा राहतो, तेव्हा प्रत्यक्ष लोणी त्याच्या दृष्टीस पडत नाही. दृष्टीस पडतात ते शब्द. ‘टेबल बटर’, ‘व्हाइट बटर’, ‘अनसॉल्टेड’, ‘कल्चर्ड’, ‘स्वीट क्रीम’, ‘युरोपीय पद्धतीचे’, ‘मलईदार’ अशी विशेषणे आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरांत छापलेले काही आकडे, एवढ्याच सामग्रीवर त्याला निर्णय करावा लागतो. वास घेता येत नाही, चव पाहता येत नाही, बोटाने दाबून घट्टपणाही अजमावता येत नाही. घरी ताक घुसळणाऱ्या बाईला पदार्थ आधी कळत असे व नाव मागाहून येत असे. येथे नाव आधी येते आणि पदार्थाचा अनुभव पैसे दिल्यानंतर येतो. म्हणून चांगल्या, भरघोस स्वादाच्या लोण्याची निवड हा पाकशास्त्राइतकाच अर्थविचाराचाही प्रश्न ठरतो. यांपैकी कोणता शब्द पदार्थाविषयी काही सांगतो आणि कोणता केवळ ग्राहकाच्या मनाला गोंजारतो, याचा उलगडा झाल्यास ही निवड बरीच सुकर होते.

१. नावांचा पूर्वेतिहास

मराठीतील ‘लोणी’ हा शब्द संस्कृत ‘नवनीत’ या शब्दापासून प्राकृतमार्गे आलेला आहे. ‘नव’ म्हणजे ताजे आणि ‘नीत’ म्हणजे काढून आणलेले. पदार्थ कसा व केव्हा निष्पन्न झाला, हे नावातच सांगितलेले आहे. दोन नकारांपैकी पहिल्याचा लकार होऊन मराठी व गुजराती या भाषांत ‘लोणी’ हे रूप स्थिर झाले. ‘लोणचे’ या शब्दातील ‘लोण’ मात्र ‘लवण’ या शब्दाचा अवशेष आहे. ध्वनिसाम्यामुळे दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो खरा नव्हे. घरच्या लोण्यात मीठ नसतेच. मिठाचा प्रवेश बाजारातील लोण्याबरोबर झाला.

ताजेपणाकडे लक्ष देणारे दुसरे नाव ‘हैयंगवीन’. आदल्या दिवशी काढलेल्या दुधापासून तयार झालेल्या घृताचे हे नाव असून पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. हा शब्द संज्ञा म्हणून सिद्ध केला असल्यामुळे कालच्या दुधाच्या वाटेल त्या पदार्थास तो लावता येत नाही. नावाची व्याप्ती किती, हा प्रश्न दुधातुपाच्या बाबतीत इतका जुना आहे.

हिंदीतील ‘मक्खन’ हा शब्द ‘म्रक्षण’, म्हणजे माखणे, या क्रियेवरून आला. तेथे पदार्थाची निष्पत्ती नव्हे, तर त्याचा उपयोग नावाला कारण झाला. ‘मस्का’ हा शब्द फारसीतून आलेला असून मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतील बन-मस्क्याने तो सर्वतोमुखी केला. ‘बटर’ हा इंग्रजी शब्द लॅटिनमार्गे ग्रीक ‘बूत्युरोन’ या शब्दापर्यंत जातो. ‘गाय’ आणि ‘चीज’ या अर्थांच्या दोन शब्दांचा तो समास होय, अशी त्याची परंपरागत फोड आहे. एकाच पदार्थाची ही नावे मराठी भाषकाच्या बोलण्यात एकत्र नांदतात. पण ती खरोखर पर्यायवाचक आहेत काय?

२. अर्थाची वाटणी

आजच्या नागर मराठीत तशी ती नाहीत. थालीपिठावर किंवा भाकरीवर पडते ते ‘लोणी’. पावभाजीवर वितळते ते ‘बटर’. बनपावात भरतात तो ‘मस्का’. ‘लोणी’ म्हटले की पांढरा, मऊ, किंचित आंबूस व बिनमिठाचा गोळा मनात उभा राहतो. ‘बटर’ म्हटले की पिवळी, खारट, चौकोनी वडी. परका शब्द आल्यामुळे देशी शब्द नाहीसा झाला नाही. त्याचे क्षेत्र तेवढे संकुचित झाले.

ही वाटणी रंग आणि मीठ या दोन ठळक लक्षणांवर झाली आहे. खरा भेद यांहून खोल आहे. मराठी घरातील लोणी हे परंपरेने दह्यातून निघते. दूध तापवावे, साय धरावी, तिला विरजण लावावे, दही घुसळावे, ताक निराळे व्हावे आणि लोणी वर यावे, असा त्याचा क्रम आहे. कारखान्यातील बहुतेक ‘बटर’ मात्र पाश्चरीकृत ताज्या सायीपासून, विरजण न लावता, घुसळून काढतात. म्हणजे ‘लोणी’ या शब्दात आंबवण्याची क्रिया अध्याहृत आहे आणि ‘बटर’ या शब्दात ती असेलच असे नाही. स्वादाच्या दृष्टीने निर्णायक भेद हाच होय.

३. स्वादाचे मूळ

लोण्याचा वास म्हणून जो ओळखला जातो, त्याचा मोठा भाग डायअ‍ॅसिटिल या संयुगामुळे येतो. १९२९ साली व्हॅन नील, क्लायव्हर आणि डर्क्स या डेल्फ्ट येथील संशोधकांनी लोण्याच्या सुगंधाशी त्याचा संबंध दाखवून दिला. साय विरजली असता लॅक्टोकॉकस व ल्युकोनोस्टॉक या वंशांतील काही जिवाणू दुधातील सायट्रेटपासून हे संयुग निर्माण करतात. त्याचे प्रमाण किलोमागे काही मिलिग्रॅम एवढेच असते. परंतु तेवढ्यानेही लोण्याला भरदार गंध प्राप्त होतो. विरजण न लावलेल्या सायीच्या लोण्यात ते अत्यल्प असते. तेथे ताज्या दुधासायीचा सौम्य, गोडसर स्वाद प्रधान असतो.

दुसरे कारण स्निग्धांशाच्या घडणीत आहे. दुधाच्या स्निग्धांशात लहान साखळीची मेदाम्ले असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी प्राणिज स्निग्ध पदार्थांवरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात ज्यांचे विवेचन केले, त्यांत ब्युटिरिक अम्ल हे एक होय. त्याचे नावच लोण्याच्या लॅटिन नावावरून पडले. हे अम्ल ग्लिसरॉलशी बद्ध असते तोपर्यंत त्याचा उपद्रव नसतो. ते सुटे झाले की लोणी खवट लागते. ‘आंबूस’ आणि ‘खवट’ हे मराठीतील दोन शब्द येथे काटेकोरपणे वापरले पाहिजेत. आंबूसपणा लॅक्टिक अम्लाचा असून तो गुण ठरू शकतो; खवटपणा स्निग्धांशाच्या विघटनाचा किंवा ऑक्सिडीकरणाचा असून तो सर्वथा दोष होय. आठवडाभर साचवलेल्या सायीला उशिरा विरजण लावून काढलेले लोणी पुष्कळदा याच दोषाने बिघडते आणि मग दोष मात्र ‘घरच्या लोण्या’ला दिला जातो.

स्वादाची अपेक्षा सवयीने कशी बनते, याचे उत्तम उदाहरण आणंद येथे मिळते. खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना १९४६ साली झाली. संघाचे लोणी मुंबईच्या बाजारात आले तेव्हा तेथे ‘पोल्सन’ हे नाव लोण्याचे जणू पर्यायनाम झाले होते. पोल्सनचे लोणी आंबलेल्या सायीचे व खारट, तर संघाचे ताज्या सायीचे; पुन्हा ते म्हशीच्या दुधाचे, म्हणून पांढरे. ग्राहकास ते बेचव वाटले. वर्गीज कुरियन यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात ही अडचण सांगितली आहे. पुढे मीठ, रंग आणि गंध यांची भर घालून ग्राहकाच्या रूढ कल्पनेशी जुळवून घ्यावे लागले. अधिक ताजा पदार्थ नापसंत झाला, कारण ‘बटर’ या शब्दाचा अर्थ मुंबईकराच्या जिभेवर आधीच ठरून गेला होता.

४. वेष्टनावरील शब्दांचे तीन वर्ग

वेष्टनावरील शब्दांचे विधिबद्ध, प्रक्रियावाचक आणि स्तुतिवाचक असे तीन वर्ग पाडता येतात.

विधिबद्ध शब्दांचा अर्थ कायद्याने बांधलेला असतो. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या मानकानुसार लोण्यात किमान ८० टक्के दुग्धस्निग्धांश, कमाल १६ टक्के पाणी आणि कमाल २ टक्के स्निग्धांशेतर घनांश असावा लागतो. भारतीय मानकात ‘टेबल बटर’ साठी हेच आकडे असून मिठाची मर्यादा ३ टक्के आहे. ‘व्हाइट बटर’ साठी स्निग्धांशाची किमान मर्यादा ७६ टक्के आहे. घरगुती पद्धतीच्या लोण्यात ताकाचा व पाण्याचा अंश अधिक राहतो, त्याची दखल या दुसऱ्या आकड्यात दिसते. फ्रान्समध्ये बिनमिठाच्या लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश अपेक्षित असतो. आयात केलेल्या अनेक वेष्टनांवर हा आकडा आढळतो. ‘स्प्रेड’ हा शब्दही विधिबद्ध आहे, पण उलट्या बाजूने : भारतात ‘फॅट स्प्रेड’ या नावाखाली ८० टक्क्यांहून कमी स्निग्धांशाचे पदार्थ येतात आणि त्यांतील स्निग्धांश वनस्पतिजन्यही असू शकतो.

या आकड्यांचे मोल किती, ते साध्या गणिताने कळते. ५०० ग्रॅम वजनात ८० टक्क्यांप्रमाणे ४०० ग्रॅम स्निग्धांश मिळतो. ८२ टक्क्यांप्रमाणे ४१० ग्रॅम. फरक दहा ग्रॅमांचा. एवढ्याने लोणी किंचित घट्ट, लवचीक आणि जिभेवर अधिक भरीव लागते. पदरांच्या पेस्ट्रीसाठी कणिक लाटताना तो गुण विशेष उपयोगी पडतो. परंतु दुप्पट किंमत मोजण्याचे कारण या दहा ग्रॅमांत सापडत नाही. ते असलेच तर दुसऱ्या वर्गातील शब्दांत असते.

प्रक्रियावाचक शब्दांत ‘कल्चर्ड’ आणि ‘स्वीट क्रीम’ हे दोन प्रमुख होत. ‘स्वीट’ या शब्दाचा साखरेशी काहीही संबंध नाही. साय आंबवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठी भाषकाला हा अर्थ परका वाटण्याचे कारण नाही. ‘गोड ताक’ म्हणजे साखर घातलेले ताक नव्हे, तर अद्याप आंबट न झालेले ताक. ‘गोडे पाणी’ म्हणजे खारे नसलेले पाणी. ‘कल्चर्ड’ या शब्दाचा अनुवाद मात्र कोणी ‘सुसंस्कृत’ असा करू गेल्यास हसे होईल. त्याचा सरळ मराठी अर्थ ‘विरजलेले’ एवढाच आहे. परदेशी वेष्टनात मोठ्या किमतीस येणारे ‘कल्चर्ड बटर’ जातीने ‘लोणी’ या शब्दाच्या मूळ अर्थाजवळचे आहे, ही गोष्ट मराठी ग्राहकाच्या लक्षात येत नाही, कारण ती त्याला परक्या शब्दाने सांगितली जाते.

जर्मन भाषेत या बाबतीत नेमकेपणा आढळतो. तेथील नियमांत ‘आंबट सायीचे लोणी’, ‘गोड सायीचे लोणी’ आणि ‘सौम्य आंबवलेले लोणी’ अशा अर्थांची तीन स्वतंत्र सामासिक नावे आहेत आणि ती आम्लतेच्या मापनावर आधारलेली आहेत. तिसऱ्या प्रकारात लोणी काढतात ते गोड सायीचेच. विरजणाचा व लॅक्टिक अम्लाचा अंश मागाहून त्यात मळतात. १९७० नंतरच्या दशकात नेदरलँड्समध्ये विकसित झालेली ही रीत कारखान्यांना सोयीची ठरली, कारण तीत ताक आंबट होत नाही व ते इतर कामास वापरता येते. इंग्रजीत मात्र ‘कल्चर्ड’ हा एकच शब्द दोन्ही प्रकारांना लावला जाऊ शकतो. तेव्हा घटकांची यादी पाहावी. ‘साय व जिवाणू-विरजण’ एवढेच घटक असतील, तर साय सावकाश विरजली असण्याचा संभव अधिक. ‘लॅक्टिक अम्ल’ किंवा ‘गंधद्रव्य’ यांचा निराळा उल्लेख असेल, तर स्वाद बाहेरून आला आहे असे समजावे. फ्रान्समधील शारांत-पुआतू आणि इझिन्यी या प्रदेशांच्या लोण्यांना अनुक्रमे १९७९ व १९८६ साली प्रादेशिक नामसंरक्षण मिळाले. तेथे नाव, प्रदेश आणि पद्धती एकत्र बांधलेली असल्यामुळे साय विरजण्याची क्रिया नावातच गृहीत धरता येते.

तिसरा वर्ग स्तुतिवाचक शब्दांचा. ‘मलईदार’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘शेतावरचे’ ही विशेषणे कोणत्याही मापनास उत्तरदायी नाहीत. ‘बटरी’ हे विशेषण तर विशेष सावधपणे वाचावे. विशेषण साधणारा प्रत्यय सादृश्य दाखवतो, तादात्म्य नव्हे. ‘दुधाळ’ रंगाच्या वस्तूत दूध असावे लागत नाही, तसेच ‘बटरी’ स्वादाच्या पदार्थात लोणी असावे लागत नाही. अशा शब्दाशेजारी बहुधा ‘स्प्रेड’ हे नाम लहान अक्षरांत आढळते.

५. रंग आणि मीठ : दोन भ्रामक लक्षणे

पिवळा रंग म्हणजे समृद्धी, ही समजूत दृढमूल आहे. गाईच्या दुधात हिरव्या चाऱ्यातील बीटा-कॅरोटीन उतरते, म्हणून हिरव्या कुरणावर चरणाऱ्या गाईचे लोणी पिवळे होते आणि कोरड्या चाऱ्यावरील गाईचे फिकट. म्हैस कॅरोटीनचे रूपांतर जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये करते, म्हणून तिचे लोणी पांढरे. म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के स्निग्धांश असतो, तर गाईच्या दुधात सुमारे ४ टक्के. एक किलो ८० टक्क्यांच्या लोण्यास गाईचे सुमारे २० किलो दूध लागते, म्हशीचे साडेअकराच्या आसपास. यावरून पांढरेपणा हे हीनतेचे लक्षण नव्हे, हे उघड आहे. उलट भारतीय वेष्टनांवर घटकांत ‘अ‍ॅनाटो’ अथवा ‘१६० बी’ असा उल्लेख असेल, तर पिवळा रंग शेंद्रीच्या बियांपासून आलेला असतो. तो अपायकारक नाही. पण तो चाऱ्याविषयी काही सांगतो असे मानणे चुकीचे ठरेल.

मिठाचेही तसेच. मीठ लोण्याचे आयुष्य वाढवते आणि पावावर ते रुचकर लागते. परंतु सायीचा फिकेपणा व जुनेपणाचा आरंभ या दोन्ही गोष्टी ते झाकू शकते. म्हणून सायीचा गुण पारखायचा असल्यास बिनमिठाचे लोणी घ्यावे. मीठ मागाहून घालता येते, काढता येत नाही.

६. निवडीचा क्रम

प्रथम नाम वाचावे : ‘बटर’ की ‘स्प्रेड’. मग घटक वाचावेत; यादी जितकी आखूड तितके बरे. त्यानंतर पोषणतक्त्यात शंभर ग्रॅममागे स्निग्धांशाचा आकडा पाहावा. नंतर उत्पादनाची तारीख. दोन सारख्या वेष्टनांत अलीकडची तारीख निवडावी, कारण ‘नवनीत’ या शब्दातील ‘नव’ हा अंश आजही निरर्थक झालेला नाही. प्रकाशाने व हवेने स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण होते, म्हणून धातूच्या पातळ पत्र्याचे आवरण साध्या कागदाहून अधिक संरक्षण देते. लोणी भोवतालचे वास चटकन ओढून घेते. घरी ते झाकणाच्या डब्यात, कांदा-लसणापासून दूर ठेवावे.

खरी परीक्षा घरीच होते. दोन प्रकारचे बिनमिठाचे लोणी साधारण हवेच्या उष्णतेवर येऊ द्यावे आणि कोऱ्या पावावर शेजारी शेजारी लावून चाखावे. थंडगार लोण्याचा गंध दबलेला असतो, म्हणून शीतकपाटातून काढल्याबरोबर मत बनवू नये. मेणचट थर टाळूला चिकटून राहतो की लोणी स्वच्छ विरघळते, वास दुधाचा येतो की दह्याचा, मागे राहणारी चव आंबूस आहे की खवट, एवढ्याकडे लक्ष द्यावे. थोडे लोणी कढवूनही पाहावे. पाणी जास्त असल्यास ते अधिक वेळ तडतडते. तळाशी राहणाऱ्या बेरीचा वास सायीविषयी बरेच सांगून जातो. पावावर लावण्यासाठी विरजलेल्या सायीचे, नाजूक केकसाठी गोड सायीचे आणि तूप कढवण्यासाठी घरचे किंवा ताजे पांढरे लोणी, अशी सर्वसाधारण विभागणी समाधानकारक ठरते.

७. समारोप

भारतातील नियमांनुसार वेष्टनावरील आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. इतर भाषा त्यांच्या जोडीला वापरण्यास मुभा आहे. त्यामुळे महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या लोण्याच्या वेष्टनावरही मराठी मजकूर ऐच्छिक राहतो. याचा परिणाम केवळ भाषाभिमानापुरता नाही. ‘साय’, ‘विरजण’, ‘अदमुरे’, ‘आंबूस’, ‘खवट’, ‘कढवणे’, ‘बेरी’ हा जो शब्दसंग्रह मराठी स्वयंपाकघराने घडवला, त्यात लोण्याची पारख करण्याचे बहुतेक ज्ञान साठवलेले आहे. खरेदीच्या जागी तो शब्दसंग्रह गैरहजर असतो. ग्राहकाला जे माहीत असते ते वेष्टन विचारत नाही आणि वेष्टन जे सांगते त्याचा संबंध ग्राहकाला स्वतःच्या ज्ञानाशी जोडता येत नाही.

‘विरजलेल्या सायीचे लोणी’ आणि ‘गोड सायीचे लोणी’ ही दोन नावे जर्मन नावांइतकीच नेमकी असून एकही नवा शब्द घडवण्याची आवश्यकता त्यांना नाही. ती वेष्टनावर छापली गेली, तर दुकानात उभ्या असलेल्या मराठी ग्राहकास कोणते लोणी आपल्या घरच्यासारखे लागेल, हे विचारण्यासाठी दुसऱ्या कोणाकडे जावे लागणार नाही. ती छापली जाईपर्यंत ‘कल्चर्ड’ हा शब्द वाचताना मनात ‘विरजलेले’ असा पालट करून घ्यावा आणि मग शेजारच्या कपाटातील ताज्या पांढऱ्या लोण्याची किंमत एकदा पाहावी.